छोट्या लाइनीवरचे नाना

आमचे नाना माणसांना नावानं ओळखत नसत, स्टेशनानं ओळखत. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या भाजीबाजारात कुणी समोरून हात जोडले, की नाना थांबून चेहरा न्याहाळत आणि म्हणत, "अरे, कैलारस!" तो माणूसही आपलं आडनाव सांगायच्या भानगडीत पडत नसे. "हाँ गार्ड साब, कैलारस," म्हणून पाया पडे. माझ्या आईच्या माहेरचे लोकसुद्धा त्यांच्या लेखी 'झाशी' होते. "झाशीचा फोन आला होता," असं ते सांगत आणि मामाचा फोन होता हे आईला बरोबर कळे.

ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी छोटी लाइन आता बंद झाली आहे. दोन फुटांच्या रुळांवरून चालणारी ती चिमुकली गाडी दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस घेई. लोक टपावर बसत, चढावर खाली उतरून बरोबरीनं चालत आणि पुन्हा चढत. त्या गाडीच्या शेवटच्या डब्यात नानांची सगळी नोकरी गेली. आज गेलेले नाना उद्या परत येत, त्यामुळे आमच्या घरात वडील एक दिवसाआड असत. सकाळी नीळ घातलेला पांढराशुभ्र पोशाख घालून जात आणि दुसऱ्या दिवशी पार मातीच्या रंगाचे होऊन येत. आई कपडे भिजत घालताना बादलीतल्या पाण्याकडे बघून म्हणे, "अर्धं सबलगढ घेऊन आलात." नाना म्हणत, "अर्धं तिथं ठेवून आलोय. लोकांनाही राहायला नको का?"

ते घरात मराठी बोलत, कचेरीत हिंदी आणि लाइनीवर तिकडची गावाकडची बोली. ड्यूटीवरून आल्यावर मराठीत यायला त्यांना थोडा वेळ लागे. तोवर ते आईलाही "काँ हो?" म्हणून हाक मारत. परीक्षेला, मुलाखतीला, ताईच्या सासरी जाण्याच्या दिवशी, प्रत्येक वेळी ते एकच वाक्य बोलले: "जा पुढं. मी आहे मागं." गार्डाची जागाच मागे असते. त्यामुळे आम्हाला ते वाक्य फार मोठं कधी वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र छोट्या लाइनीवर सगळ्यांना ठाऊक होती. सुमावलीजवळच्या एका थांब्यावर एक म्हातारी रोज दुधाच्या दोन चरव्या घेऊन येई आणि रोज तिला उशीर होई. ती शेताच्या बांधावरून दिसू लागली, की नाना हिरवी झेंडी काखेतच ठेवत. ड्रायव्हर पुढून शिट्ट्या मारून वैतागे. गाडी थांबवल्याचं कारण रजिस्टरमध्ये लिहावं लागे. बाकीचे गार्ड अशा वेळी 'रुळावर गाय' लिहीत, ते सर्वांना चालत असे. नानांनी लिहिलं, 'दोन मिनिटं. एक म्हातारी येत होती. गार्डाच्या निर्णयानं.' असं पाच-सहा वेळा झाल्यावर वरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. "गाय लिहायला काय होतं तुम्हाला?" साहेब म्हणाले. नाना म्हणाले, "साहेब, गाय असती तर जबाबदारी माझ्यावर नसती आली. ही माझ्यावर आहे." त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी घडी करून कपाटात ठेवली आणि म्हातारीसाठी गाडी थांबतच राहिली.

दुसरी गोष्ट घरातली. माझा मोठा भाऊ प्रकाश, म्हणजे आमचा दादा, नववीत असताना गणितात नापास झाला. प्रगतिपुस्तकावर त्यानं स्वतःच नानांची सही ठोकली. सही हुबेहूब होती. मास्तरांना कळलं नाही, पण ताईनं चुगली केली. नानांनी त्याला मारलं नाही. त्याला शाळेत घेऊन गेले, मास्तरांपुढे उभं केलं आणि खरं काय ते त्याच्याच तोंडून वदवलं. परत येताना दादा रडत होता. नाना त्याला म्हणाले, "नापास झालास त्याचं काही नाही. पण सही म्हणजे गंमत नव्हे. सही म्हणजे मी तिथं उभा होतो."

हे दादानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं आणि ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी नाना आणि त्याच्यातलं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

ते बंद झालं आईच्या आजारपणात. तिला अर्धांगाचा झटका आला. आम्ही तिला एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिची जीभ जड झाली होती, पण एक शब्द नीट येत होता: "घरी." दिवसभर ती तेवढंच म्हणत होती. संध्याकाळी श्वास अडखळू लागला, मशीन लावण्यासाठी संमतीचा कागद आला आणि दादानं सही केली. त्यानंतर अकरा दिवस आई नळ्यांमध्ये होती. आम्हाला दिवसातून दहा मिनिटं आत सोडत. बाराव्या दिवशी ती गेली, तेव्हा आमच्यापैकी कुणीही जवळ नव्हतं.

तेराव्यानंतर दादा पुण्याला परतला. आम्ही घरी गेलेलो असताना त्याचा फोन आला, की नाना रिसीव्हर माझ्या किंवा ताईच्या हातात देत. आम्ही नसलो, तर "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून देत. भांडण नाही, शब्द नाही. दादा वर्षश्राद्धाला सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. नानांनी त्याला कधीच माफ केलं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो. दादा तर सर्वांत जास्त. आठ वर्षं नाना त्या घरात एकटे राहिले. रोज सातच्या आत दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि दारातल्या खुर्चीत बसत.

दिवाळीनंतर त्यांच्या पोटात दुखू लागलं. यकृताचा कर्करोग निघाला, तोही पार पुढे गेलेला. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना आहे ते डॉक्टर आमच्या घरचेच झाले आहेत. त्यांनी नानांपुढेच स्पष्ट सांगितलं, "गार्ड साब, दो महीने, या उससे भी कम." नानांनी विचारलं, "घर में हो जाएगा?" डॉक्टर म्हणाले, "हो जाएगा, अगर घर में कोई हो."

आधी मंदाताई आली, जबलपूरहून. ती आमच्यात थोरली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. दोन बॅगा आणि भिंतीवर लावायचं वेळापत्रक घेऊनच आली. नानांचा पलंग तिनं पुढच्या खोलीत आणवला, रस्ता दिसेल असा. मी भोपाळहून रजा घेऊन आलो. मग ताईनं कुणालाही न विचारता दादाला फोन केला.

दादा आला तो ऑक्सिजन मशीनचं मोठं खोकं घेऊनच. ते धरून उंबऱ्यापाशी उभा राहिला. आत येऊ की नको, असा त्याचा चेहरा होता. नाना उशीला टेकून पडले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुणं आलं वाटतं."

एवढंच. पण आठ वर्षांत त्यांनी त्याच्याकडे बघून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. दादा खोकं ठेवायला म्हणून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पन्नाशी-साठीची तीन भावंडं एका घरात पुन्हा राहू लागली, की काय काय वर येतं, ते आम्ही त्या दिवसांत पाहिलं. ताई दादाला अजूनही ओरडत होती. दादा बोटाला चिमटा लावून दर तासाला नानांचा ऑक्सिजन मोजे आणि आकडा दोननं उतरला की त्याला घाम फुटे. मला दोघंही अजून 'मुन्ना'च म्हणत होती, आणि मुन्नाचं काम जयेंद्रगंजातून औषधं आणणं एवढंच होतं. नानांना स्वतःच्या हातानं काही होत नव्हतं, याची त्यांना लाज वाटे. अंथरूण बदलताना ते डोळे मिटून घेत आणि काम झाल्यावर ताईला म्हणत, "थँक्यू, जबलपूर."

एका दुपारी स्वयंपाकघरात ताई आणि दादाचं जुंपलं. नानांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दादा म्हणत होता, "निदान सलाइनसाठी तरी ॲडमिट करून घेऊ. चार दिवस. असं बघत बसायचं का?"

"त्यांना नाही जायचं. सांगितलंय त्यांनी," ताई म्हणाली.

"ते सांगतील. आपण शहाण्यासारखं—"

"आईच्या वेळी शहाण्यासारखंच केलंस ना?"

ताईच्या तोंडून ते निघून गेलं आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.  दादानं बॅग भरली, नानांच्या खोलीतून न जाता मागच्या दारानं बाहेर पडला आणि रिक्षा करून पडावला गेला, स्टेशनवर.

अर्ध्या तासानं नानांनी मला विचारलं, "प्रकाश कुठं आहे?"

मी दचकलो. पुणं नाही, प्रकाश. मी खरं ते सांगितलं. नाना म्हणाले, "बोलावून घे त्याला. लगेच लाव फोन. गाडी येऊन जाईल."

दादा प्लॅटफॉर्मवर बसला होता. मी एवढंच म्हणालो, "नानांनी तुझं नाव घेऊन विचारलं." तासाभरात तो परत आला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. ताई दारात उभी होती, मी पायथ्याशी. नानांनी आम्हाला जायला सांगितलं नाही. मला वाटतं, आम्हीही ऐकावं असंच त्यांच्या मनात होतं.

"तो कागद आधी माझ्याकडे आला होता," नाना म्हणाले.

"कुठला कागद?"

"तुझ्या आईचा. तू खाली औषधं आणायला गेला होतास. सिस्टरनं पेन माझ्या हातात दिलं. मी वाचला सगळा." ते दम घ्यायला थांबले. "ती घरी न्या म्हणत होती, ते मला कळत होतं. सगळ्यांत जास्त मलाच कळत होतं. पण मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. आणि सही केली असती, तर तिला तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून मी सिस्टरला म्हटलं, मोठा मुलगा येतोय, तो करेल."

खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. 

"उभा मी होतो तिथं," नाना म्हणाले, "आणि सही तुझी झाली."

दादानं विचारलं, "मग आठ वर्षं तुम्ही माझ्याशी का नाही बोललात, नाना?"

"तुझा आवाज ऐकला की तो कागद दिसायचा. तुला वाटलं, मी रागावलोय. मी वाटू दिलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते सोपं होतं. चुकलं माझं."

अशा वेळी मुलगा बापाच्या गळ्यात पडतो असं आपण धरून चालतो. दादा पडला नाही. तो उठला. "आठ वर्षं, नाना," एवढंच म्हणाला आणि मागच्या अंगणात निघून गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो नळाखाली तोंड धूत होता, पुन्हा पुन्हा, जणू काही निघतच नव्हतं. ताई त्याच्याजवळ गेली. ती त्याला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलेलं मला दिसलं. बऱ्याच वेळानं दादा आत आला. उशाशी ठेवलेली पेजेची वाटी तशीच होती. ती उचलून म्हणाला, "गार झाली. गरम करून आणतो. दोन चमचे तरी घ्या." नानांनी चार घेतले.

दुसऱ्या दिवसापासून नानांची दाढी दादा करू लागला. आधी कोमट पाण्याचा रुमाल, मग साबण, मग एका हातानं हनुवटी धरून हलक्या हातानं रेझर.  एकदा गालाला बारीकसं कापलं, तर दादा घाबरला. नाना म्हणाले, "असू दे. रजिस्टरमध्ये लिहिणार कोण आहे?" आणि दादा हसला. त्या घरात त्याला हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो!

त्याच आठवड्यात एक बाई नानांना भेटायला आल्या. वय पन्नाशीचं, हातात मुरैन्याच्या गजकचा, तिळगुळाच्या वड्यांचा डबा. त्यांनी नाव सांगितलं, पण नानांना काही आठवेना. बाई पुढे वाकून म्हणाल्या, "बाबूजी, जौरा. शाळेला जायची मी, तुमच्या डब्यात बसून." त्या आमच्याशी हिंदीतच बोलत होत्या, मी मराठीत लिहितो आहे. टपावर आणि दारात पुरुषांची गर्दी असे म्हणून त्यांच्या वडिलांनी शाळा बंद करायची ठरवली होती. तेव्हा नानांनी वडिलांना सांगितलं, की पोरगी गार्डाच्या डब्यात बसेल, माझी जबाबदारी. तीन वर्षं ती त्या लाकडी बाकावर पाढे म्हणत गेली. आता त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. आम्हाला घरात यातलं काहीही ठाऊक नव्हतं. नाना त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जौरा. खिडकी उघडी ठेवायचीस. रजिस्टरवर धूळ यायची." बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. जाण्याआधी त्यांनी ताईला दाखवलं, पाठीला जखम होऊ नये म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं आणि गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची.

मग ती सकाळ आली. दहाच्या सुमारास नानांचा श्वास एकदम लागला. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ काळेनिळे पडले. दादानं मशीन वाढवलं, बोटाचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि अँब्युलन्सला फोन केला. त्यानं विचार केला असेल असं मला वाटत नाही. ताईनं मला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे होते, "आता निघतो" म्हणाले. मी परतलो तेव्हा अँब्युलन्स गल्लीत शिरली होती आणि दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पायऱ्या चढत होती.

नानांना बोलता येत नव्हतं. ते फक्त दादाकडे पाहत होते. आणि मी लपवणार नाही, ताई आणि मी, आम्हीही दादाकडेच पाहत होतो. पुन्हा त्याच्यावरच ढकलत होतो. ताईच्या ते आधी लक्षात आलं. ती पुढे झाली, दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "प्रकाश, माझं म्हणणं, राहू दे." मग मीही म्हणालो, "माझंही."

दादानं नानांचा हात धरला. "भैया," तो त्या माणसांना म्हणाला, "माफ़ करना। हम नहीं ले जा रहे।"

"सोच लीजिए साहब, बाबूजी की हालत—"

"सोच लिया। हम तीनों ने।"

माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. दारात त्यांना वाट देत डॉक्टर आत आले. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि उशा उंच करून नानांना जवळजवळ बसतं केलं. पाऊण तासानं श्वास सैलावला. ओठांवर रंग आला. डॉक्टर निघताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ठीक किया।" ते गेल्यावर दादा पायरीवर बसला आणि त्याला हुडहुडी भरल्यासारखं झालं. ताईनं त्याच्या अंगावर नानांची शाल टाकली, चहा आणला आणि त्यानं कप धरेपर्यंत खालून हात लावून उभी राहिली.

त्यानंतर नाना नऊ दिवस होते. ते जास्त करून झोपून असत. जागे झाले, की आम्ही तिघं आहोत ना, एवढं पाहत आणि पुन्हा डोळे मिटत. दहाव्या दिवशी सकाळी, दुधवाला नुकताच येऊन गेला होता, तेव्हा त्यांचा श्वास लांबत लांबत थांबला. ताईचा हात त्यांच्या कपाळावर होता, दादानं पावलं धरली होती, मी उशाशी होतो. रस्त्यावरून शाळेची मुलं चालली होती. घाई कुणालाच नव्हती.

मला आठवतात ते त्याच्या आदल्या दुपारचे नाना. चार दिवस शहरावर धुकं होतं, ते त्या दिवशी फाटलं आणि मागच्या अंगणात चांगलं ऊन आलं. नाना अचानक म्हणाले, "मला अंघोळ पाहिजे. पुसून नको. पाण्यानं." ताईनं दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. मग कुणीच वाद घातला नाही. प्लास्टिकची खुर्ची उन्हात ठेवली, तिच्यावर टॉवेल अंथरला आणि दादानं त्यांना दोन्ही हातांवर उचलून आणलं. ते इतके हलके झाले होते, की दादा मध्येच थबकला. मी मागून खांदे धरले. ताईनं बादलीत हात घालून पाणी पाहिलं आणि पहिला तांब्या त्यांच्या खांद्यावरून सोडला.

नानांनी डोळे मिटून घेतले. अंगातून वाफ निघत होती. पांढरे केस कपाळावर चिकटले होते, पाणी हनुवटीवरून टपटपत होतं आणि चेहरा उन्हाकडे वर केलेला होता. ताई घाईघाईनं म्हणाली, "नाना, बस ना आता? थंडी भरेल."

"नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "बरं वाटतंय. अजून घाल."

ताईनं तांब्या पुन्हा बुडवला.